अखेरचे चार फूट

गोल्फच्या हिशेबात एक विलक्षण समता आहे. तीनशे यार्ड लांब भिरकावलेला चेंडू आणि चार इंच पुढे ढकललेला चेंडू या दोहोंची नोंद गुणपत्रिकेवर सारखीच होते: एक फटका. खतावणीत लाखाची आणि रुपयाची नोंद शेजारी शेजारी बसते, परंतु तेथे निदान रकमेचा रकाना वेगळा असतो. गोल्फमध्ये तोही नाही. म्हणूनच या खेळातील सर्वांत सोपा भासणारा फटका हा प्रत्यक्षात सर्वांत निष्ठुर ठरतो.

ज्या वाचकांचा या खेळाशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगावयाचे तर, गोल्फच्या मैदानावर अठरा टप्पे असतात. प्रत्येक टप्प्याच्या अखेरीस अतिशय बारीक कापलेल्या गवताची एक हिरवळ असते आणि तिच्यात एक खळगा. चेंडू या हिरवळीवर पोहोचला की तो हवेत उडवावयाचा नसतो, तर जमिनीवरून घरंगळत खळग्यात न्यावयाचा असतो. या क्रियेस ‘पटिंग’, अशा एका फटक्यास ‘पट’ आणि त्यासाठी वापरावयाच्या चपट्या तोंडाच्या काठीस ‘पटर’ म्हणतात. प्रत्येक टप्प्यासाठी अपेक्षित फटक्यांची संख्या ठरलेली असते, ती म्हणजे ‘पार’. त्याहून एक फटका कमी लागला तर ‘बर्डी’, एक अधिक लागला तर ‘बोगी’. पार ठरविताना प्रत्येक हिरवळीवर दोन पट गृहीत धरलेले असतात. म्हणजे ७२ फटक्यांच्या मैदानावर तब्बल ३६ फटके या घरंगळवण्याच्या खात्यावर टाकलेले असतात.

ऑक्टोबर २०१५ मध्ये दक्षिण कोरियातील इंचॉन येथे प्रेसिडेंट्स चषकाची स्पर्धा झाली. एका बाजूस अमेरिका, तर दुसऱ्या बाजूस युरोप वगळून उर्वरित जगाचा संघ. या संघात पुण्यात जन्मलेले अनिर्बान लाहिरी होते. या स्पर्धेत खेळणारे ते पहिले भारतीय. अखेरच्या दिवशी त्यांची लढत ख्रिस कर्क यांच्याशी होती आणि ती अठराव्या टप्प्यापर्यंत बरोबरीत आली होती. कर्क यांचा चेंडू खळग्यापासून सुमारे पंधरा फुटांवर, तर लाहिरी यांचा अवघ्या चार फुटांच्या आसपास होता. पाहणाऱ्या कोणासही लाहिरी यांचे पारडे जड वाटले असते. कर्क यांनी आपला पट आत घातला. लाहिरी यांचा चेंडू खळग्याच्या कडेला लागून बाहेर पडला. अमेरिकेने चषक १५½ विरुद्ध १४½ असा जिंकला. इतर निकाल तेच धरले, तर त्या चार फुटांनी चषक १५–१५ असा बरोबरीत सुटला असता.

चार फूट म्हणजे जेवणाच्या मेजाची लांबी. निश्चल चेंडू, सपाट भासणारी जमीन, समोर प्रतिस्पर्ध्याचा अडथळा नाही, वेळेची फारशी घाई नाही. मग जगातील निवडक खेळाडूंचा चेंडूही आत का जात नाही?

प्रथम भूमितीचा विचार करू. खळग्याचा व्यास ४¼ इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर असतो. सेंट अँड्र्यूज येथील नियामक संस्थेने १८९१ मध्ये हे माप ठरविले, ते आजतागायत कायम आहे. चेंडूचा व्यास किमान १.६८ इंच, म्हणजे साधारण ४३ मिलिमीटर. चेंडू अगदी मंदगतीने खळग्याशी पोहोचला, तर त्याचा मध्यबिंदू कडेच्या आत असला की पुरे, तो आत पडतो. या हिशेबाने चार फुटांवरून दोन्ही बाजूंस साधारण अडीच अंशांची चूक माफ आहे. दहा फुटांवरून ही सूट एका अंशावर येते आणि वीस फुटांवरून अर्ध्या अंशावर. घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात सहा अंश सरकतो, हे लक्षात घेतले म्हणजे अर्धा अंश किती सूक्ष्म आहे याची कल्पना यावी. चेंडू कोणत्या दिशेने निघणार हे बहुतांशी आघाताच्या क्षणी पटरचे तोंड कोठे वळलेले आहे यावर ठरते आणि तो क्षण डोळ्यांना दिसत नाही.

परंतु ही सवलतही केवळ मंदगती चेंडूसाठी आहे. चेंडू वेगात असेल तर त्याला खळग्यात पडण्यास पुरेसा अवधीच मिळत नाही. ब्रायन होम्स या भौतिकशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये याचे गणित मांडले. खळग्याच्या अचूक मध्यावरून जाणाऱ्या चेंडूचा वेग सेकंदाला १.६३ मीटरहून अधिक असेल, तर मागच्या कडेवर आपटूनही तो आत राहत नाही. मध्यरेषा सोडली की ही मर्यादा झपाट्याने खाली येते. म्हणजे खळगा कागदोपत्री १०८ मिलिमीटरचा असला तरी चेंडूच्या दृष्टीने त्याची रुंदी वेगानुसार बदलते. जोराने मारणाऱ्यासाठी तो आक्रसतो, हळुवार मारणाऱ्यासाठी रुंदावतो. कॅरमच्या कोपऱ्यात जोरात मारलेली सोंगटी आत जाता जाता परत उसळते, तसाच हा प्रकार.

मग नेहमी हळू मारावे, असे कोणी म्हणेल. येथे दुसरी अडचण उभी राहते, ती उताराची. हिरवळी सपाट कधीच नसतात. त्या मुद्दाम चढउताराच्या बांधतात, पाण्याचा निचरा व्हावा म्हणून आणि खेळाडूची परीक्षा पाहावी म्हणूनही. आडव्या उतारावर चेंडू वळतो आणि तो जितका मंद, तितका अधिक वळतो. निघताना तो जवळजवळ सरळ जातो, मात्र अखेरच्या दोन-तीन फुटांत वेग सरला की उतार त्याचा ताबा घेतो. साहजिकच दिशा आणि वेग हे दोन स्वतंत्र निर्णय राहत नाहीत. प्रत्येक वेगासाठी एक वेगळी वाट असते आणि प्रत्येक वाटेसाठी एकच एक वेग. उत्तम वाट निवडून चुकीच्या वेगाने मारलेला चेंडू आणि उत्तम वेगाने चुकीच्या वाटेवर सोडलेला चेंडू, दोन्ही सारखेच बाहेर. पाहणारा म्हणतो, नेम चुकला. वस्तुतः चुकलेला असतो तो दोहोंचा मेळ.

त्यात प्रत्येक हिरवळीची चाल निराळी. १९३५ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत ओकमाँट येथे एका नामवंत खेळाडूचा पट हिरवळीबाहेर घरंगळत गेलेला एडवर्ड स्टिम्पसन या हौशी गोल्फपटूने पाहिला आणि हिरवळीचा वेग मोजण्याचे एक साधन तयार केले. पुढे अमेरिकेतील गोल्फ संघटनेने त्यात सुधारणा करून १९७८ पासून ते मैदानांना उपलब्ध करून दिले. हे साधन म्हणजे मधोमध खाच असलेली यार्डभर लांबीची पट्टी, दुसरे काही नाही. तिच्यावर चेंडू ठेवून एक टोक हळूहळू उचलावयाचे. साधारण वीस अंशांच्या कोनाला चेंडू आपोआप सुटतो आणि सपाट जागी जितके फूट जातो, तितका त्या हिरवळीचा ‘स्टिम्प’. दहा फूट गेला तर दहा. मोठ्या व्यावसायिक स्पर्धांत हा आकडा तेरापर्यंतही नेला जातो.

दहा आणि तेरा यांतील फरक दिसावयास किरकोळ, परंतु त्याचा परिणाम पाहावा. समजा, हिरवळीला शंभर फुटांत दोन फूट इतकाच उतार आहे. स्टिम्प दहा असलेल्या हिरवळीवर, सपाटीवर दहा फूट गेला असता असा चेंडू चढावर सुमारे आठ फूट आणि उतारावर सुमारे साडेतेरा फूट जाईल. हीच हिरवळ तेराची केली, तर पट्टीवरून त्याच वेगाने सुटलेला चेंडू चढावर दहा फुटांच्या आत थांबेल आणि उतारावर एकोणीस फुटांच्याही पुढे जाईल. म्हणजे खालच्या बाजूने मारावयाचा पट आणि वरच्या बाजूने मारावयाचा पट हे जणू दोन वेगळे खेळ होतात. हिरवळ फारच वेगवान झाली तर उतारावर चेंडू थांबतच नाही. २००४ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत शिनेकॉक हिल्स येथे अखेरच्या दिवशी सातव्या टप्प्याची हिरवळ इतकी वाळली, की खेळाडूंच्या दोन गटांच्या मध्ये आयोजकांना तिच्यावर पाणी शिंपडावे लागले. कॅरम खेळणाऱ्यांना हे समजावयास कठीण नाही. बोरिक पावडर टाकलेल्या बोर्डावर ज्याचा हात बसला आहे, त्याची पावसाळ्यातील दमट बोर्डावर जी त्रेधा उडते, तीच येथे. फरक इतकाच, की गोल्फमध्ये बोर्ड दर आठवड्यास बदलतो आणि दिवसभरातही तोच राहत नाही. सकाळी कापलेले गवत दुपारपर्यंत वाढते, दव सुकते, वारा जमीन कोरडी करतो.

गवताचीही एक गंमत सांगण्याजोगी आहे. उष्ण प्रदेशातील बहुतेक मैदानांवर जे ‘बर्म्युडा’ गवत लावतात, ते म्हणजे आपली हरळीच. गणपतीला वाहावयाच्या दूर्वा त्याच कुळातल्या. हिरवळीसाठी त्याचे अधिक नाजूक संकरित वाण वापरतात. हे गवत आडवे पसरते, त्याची पाती एका बाजूस कललेली असतात. पात्यांच्या कलाबरोबर चेंडू सुसाट जातो, विरुद्ध दिशेने अडखळतो आणि आडवा गेला तर किंचित सरकतो. थंड प्रदेशातील हिरवळींवर वाढलेला खेळाडू येथे आला की प्रथम चक्रावतो, याचे हे एक कारण. भारतात गोल्फ जुना आहे. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना. मात्र पाण्याची टंचाई असलेल्या कित्येक ठिकाणी हिरवळीऐवजी तेल मिसळलेल्या वाळूच्या तपकिरी चौथऱ्यांवरच पटिंग चाले. तेथे निदान पात्यांचा प्रश्न नव्हता.

अमेरिकेच्या नासा संस्थेतील नोकरी सोडून गोल्फच्या संशोधनाकडे वळलेल्या डेव्ह पेल्झ यांनी आणखी एक बाब दाखवून दिली. खेळाडू शिष्टाचार म्हणून खळग्याच्या अगदी कडेशी पाय ठेवीत नाहीत. मात्र त्याभोवती दिवसभर शेकडो पावले पडतात. परिणामी खळग्यालगतची जागा न तुडवलेली, किंचित उंच राहते आणि तिच्याभोवती दबलेली, खडबडीत जमीन तयार होते. मेदूवड्याचे कडे डोळ्यांसमोर आणावे. संपत आलेल्या वेगाने येणारा चेंडू नेमका या खडबडीत कड्यावर सर्वांत अशक्त असतो. पेल्झ यांनी उतरत्या पन्हळीवरून अगदी एकाच वेगाने आणि एकाच दिशेने चेंडू सोडून पाहिले, तरी सगळे आत गेले नाहीत. जेथे मानवी हात नाही, मन नाही, तेथेही हुकणे शिल्लक राहते, ही गोष्ट पटिंगच्या चर्चेत सहसा विसरली जाते.

आता आकडे पाहू. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील वाणिज्य व्यवस्थापनाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धांत लेसरच्या साह्याने नोंदलेल्या लाखो फटक्यांचे विश्लेषण केले. त्यांच्या हिशेबानुसार व्यावसायिक खेळाडू तीन फुटांवरून शंभरांपैकी ९६ पट घालतात, चार फुटांवरून ८८, पाच फुटांवरून ७७, आठ फुटांवरून ५०, दहा फुटांवरून ४० आणि वीस फुटांवरून अवघे १५. दूरचित्रवाणीवर दिसतात ते बव्हंशी आत गेलेले पट, त्यामुळे प्रेक्षकांची समजूत वेगळी होते. जगातील सर्वोत्तम मंडळी आठ फुटांवरून नाणेफेकीच्या पातळीवर असतात, हे वास्तव आहे. लाहिरी यांचा चार फुटांचा पट या तक्त्यात ठेवून पाहिला, तर आठांत एकदा तो कोणाचाही हुकतो. तो एकदा कोणत्या दिवशी यावा, हे मात्र तक्ता सांगत नाही.

ब्रॉडी यांची मोजणीची पद्धत आपल्यापैकी ज्यांनी परिव्यय लेखांकनाचा अभ्यास केला आहे त्यांना ओळखीची वाटेल. प्रमाणित खर्च आणि प्रत्यक्ष खर्च यांतील तफावत काढावी, तसेच हे. आठ फुटांवरून व्यावसायिकास सरासरी दीड पट लागतात. एकात घातला तर अर्ध्या फटक्याची बचत, दोन लागले तर अर्ध्याचा तोटा. पूर्वी केवळ पटांची संख्या मोजत. परंतु जो खेळाडू हिरवळीवर मुळातच खळग्याजवळ पोहोचतो त्याचे पट कमीच होणार, यात त्याच्या पटरचे कर्तृत्व काय? २०११ पासून अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धांनी ही नवी पद्धत अधिकृतपणे स्वीकारली.

तिच्यातून निघालेला निष्कर्ष जुन्या जाणकारांना रुचला नाही. सर्वोत्तम खेळाडू आणि सरासरी व्यावसायिक यांच्यातील फरकापैकी जेमतेम १५ टक्के पटिंगमुळे पडतो, बाकीचा बहुतांशी लांबच्या फटक्यांमुळे. पैसा पटिंगमध्येच आहे, अशी जी पूर्वापार समजूत होती तिला हा धक्काच होता. माझ्या मते येथे विरोधाभास नाही. पटिंग इतके कठीण आहे आणि त्यातील अनिश्चिततेचा वाटा इतका मोठा आहे, की कोणीही त्यात इतरांपेक्षा फार पुढे जाऊच शकत नाही. मात्र हीच अनिश्चितता एखाद्या आठवड्यापुरती ज्याच्या बाजूने झुकते तो स्पर्धा जिंकतो. विजेत्यांच्या विजयी आठवड्यांपुरते पाहिले तर पटिंगचा वाटा सुमारे ३५ टक्क्यांवर जातो, असे ब्रॉडी यांचेच आकडे सांगतात.

इथवर जमीन आणि चेंडू. राहिले मन.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये असे प्रतिपादन केले, की माणसाला शंभर रुपये मिळाल्याचा जितका आनंद होतो त्याहून शंभर रुपये गमावल्याचे दुःख अधिक होते. नफा-तोटा तो कोणत्या तरी संदर्भबिंदूपासून मोजत असतो. डेव्हिन पोप आणि मॉरिस श्वाइट्झर या संशोधकांनी २०११ मध्ये हा सिद्धान्त गोल्फच्या हिरवळीवर तपासला. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच टायगर वूड्स यांनाही तोट्याची धास्ती वाटते काय, असा प्रश्न होता. त्यांनी २५ लाखांहून अधिक पट तपासले. अंतर आणि इतर परिस्थिती सारखी असताना बर्डीसाठीचे पट पारसाठीच्या पटांपेक्षा साधारण दोन टक्क्यांनी कमी आत जातात, असे आढळले. दोन्हींची किंमत एकच फटका. परंतु पारचा पट हुकला तर बोगी, म्हणजे तोटा. बर्डीचा हुकला तर पार, म्हणजे केवळ नफा मिळाला नाही इतकेच. तोटा टाळावयाचा असला की खेळाडू अधिक जिवावर उदार होऊन एकाग्र होतो. नफा समोर असला की पुढे फार लांब जाऊ नये म्हणून हात आखडता घेतो आणि चेंडू अलीकडेच थांबतो. ही सवय चार दिवसांच्या स्पर्धेत एका फटक्याहून अधिक महाग पडते, असा त्यांचा अंदाज होता. शाखेत गुंतवणुकीची चर्चा करताना हाच स्वभाव वेगळ्या वेषात भेटतो. खरेदीच्या भावाखाली गेलेला शेअर ‘निदान मुद्दल सुटू द्या’ म्हणून वर्षानुवर्षे सांभाळला जातो आणि वर गेलेला घाईने विकला जातो. शेअरला मात्र आपण कोणत्या भावाने खरेदी केले गेलो हे ठाऊक नसते, तसेच चेंडूलाही आपण बर्डीचे आहोत की पारचे हे ठाऊक नसते.

दुसरे मानसिक कारण याहून अद्‌भुत आहे. सायन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पटिंगवर केलेल्या प्रयोगांत नवशिक्यांना आपल्या हाताच्या हालचालींकडे लक्ष देण्याचा फायदा झाला, तर तरबेज खेळाडूंचे पटिंग त्याच सूचनेने बिघडले. मुरलेले कौशल्य जाणिवेच्या खाली चालते. ते जाणिवेत ओढून आणले की त्याचे तुकडे पडतात. रोखपाल खिडकीवर नोटांची थप्पी मोजत असताना त्याला ‘तुमचा अंगठा नेमका कसा फिरतो हो?’ असे विचारून पाहावे. पुढची मोजणी बहुधा पुन्हा करावी लागेल. दडपणाखाली खेळाडू हेच स्वतःला विचारीत असतो.

याच्याही पलीकडे ‘यिप्स’ नावाचा प्रकार आहे. आघाताच्या क्षणी हाताला अनैच्छिक झटका बसतो आणि दोन फुटांचा पटही हुकतो. काहींच्या बाबतीत हे केवळ दडपण असते, तर काहींच्या बाबतीत लेखनिकांच्या बोटांत येणाऱ्या पेटक्यांसारखा मज्जासंस्थेचा विकार, असे वैद्यकीय संशोधकांचे मत आहे. जर्मनीचे बर्नहार्ड लांगर या व्याधीशी वारंवार झगडले आणि तरीही १९८५ व १९९३ मध्ये त्यांनी मास्टर्स स्पर्धा जिंकली. मनगटांचे काम कमी व्हावे म्हणून पुष्कळांनी लांब पटरचे टोक छातीला वा पोटाला टेकविण्याचा मार्ग काढला. १ जानेवारी २०१६ पासून नियमाने तो बंद झाला. माझ्या मते हा नियम थोडा कठोर आहे. ज्याचे हात साथ देत नाहीत त्याला टेकू नाकारून खेळाची शुद्धता किती वाढली, हा प्रश्न राहतोच.

जून २०२४ मध्ये पाइनहर्स्ट येथील अमेरिकन खुल्या स्पर्धेत उत्तर आयर्लंडचे रोरी मॅकिलरॉय अखेरच्या पाच टप्प्यांना दोन फटक्यांची आघाडी घेऊन उभे होते. दहा वर्षे त्यांना एकही प्रमुख स्पर्धा जिंकता आली नव्हती. त्या हंगामात तीन फुटांच्या आतील त्यांचा एकही पट तोवर हुकला नव्हता. सोळाव्या टप्प्यावर अडीच फुटांचा पट कडेला लागून बाहेर आला. अठराव्यावर पावणेचार फुटांचा, उतारावरचा आणि आडवा वळणारा पट उरला. तो अगदी हळुवार मारावयाचा, म्हणून वळण अधिक धरावे लागणार आणि चेंडू अशक्त असताना कडेच्या खडबडीत जागेवरून जाणार. तोही हुकला. ब्रायसन डीशॅम्बो एका फटक्याने जिंकले.

दहा महिन्यांनी, एप्रिल २०२५ मध्ये, मास्टर्स स्पर्धेच्या अठराव्या हिरवळीवर मॅकिलरॉय यांच्यासमोर विजयासाठी साधारण पाच फुटांचा पट होता. तक्त्याप्रमाणे शंभरांत ७७. तो हुकला आणि जस्टिन रोज यांच्याशी बरोबरी झाली. निर्णायक टप्पा पुन्हा त्याच अठराव्यावर खेळविण्यात आला. या खेपेस त्यांचा चेंडू खळग्यापासून तीन-चार फुटांवर येऊन थांबला. रोज यांचा पट हुकल्यानंतर त्यांनी तो आत घातला आणि गुडघ्यांवर कोसळून ते बराच वेळ हिरवळीवरून उठले नाहीत.